दार आतून उघडलं गेलं होतं

हिटलरवर मराठीत वाद सुरू झाला की तो हमखास दोन वाक्यांपाशी येऊन अडकतो. एक बाजू म्हणते, शेवटी तो निवडून आलेला माणूस होता, लोकांनीच आणला, लोकशाहीत असंच होतं. दुसरी म्हणते, एक माथेफिरू होता, त्याने अख्ख्या देशाला भुरळ घातली. मधेच कोणीतरी व्हर्सायच्या तहाचं नाव काढतं, कोणीतरी रस्ते किती छान बांधले ते सांगतं, आणि साठ लाख ज्यू मारले गेले ही गोष्ट सगळ्यात शेवटी एका ओळीत येते, जणू युद्धात जी काही हानी झाली त्यातलीच ही एक. मला हा वादच चुकीच्या जागी चाललाय असं वाटतं. माझं म्हणणं असं आहे की हिटलरला मतदारांच्या बहुमताने सत्तेवर बसवलं नाही आणि त्याच्या भाषणांच्या जादूनेही नाही. त्याला आत घेतलं ते आधीपासून सत्तेत बसलेल्या, शिकलेल्या, प्रतिष्ठित लोकांनी, आपापल्या फायद्यासाठी. आणि ज्यूंचा छळसुद्धा सुरुवातीची कितीतरी वर्षं मुख्यतः ऑफिसात बसून, पगार घेऊन, कायद्याच्या भाषेत केला गेला, तोही बऱ्याच अंशी ह्याच वर्गाकडून. द्वेष होता, भरपूर होता, पण नुसत्या द्वेषाने एवढं मोठं काम पार पडत नाही.

आधी निवडणुकीचं बघू, कारण "निवडून आला" हे वाक्य इतक्या आत्मविश्वासाने टाकलं जातं की समोरचा गप्पच बसतो. 1928 मध्ये नाझी पक्षाला 2.6 टक्के मतं होती, संसदेत म्हणजे राइशटागमध्ये 12 जागा. 1930 मध्ये 18.3 टक्के आणि 107 जागा. जुलै 1932 मध्ये 37.3 टक्के, 230 जागा, सगळ्यात मोठा पक्ष. मोकळ्या निवडणुकीतला हाच त्यांचा कळस. त्याच वर्षी एप्रिलमध्ये राष्ट्राध्यक्षपदासाठी हिटलर स्वतः उभा होता, तिथे आधीपासून त्या पदावर असलेल्या हिंडेनबुर्गने त्याला 53 विरुद्ध 36.8 टक्क्यांनी हरवलं. आणि नोव्हेंबर 1932 मध्ये परत निवडणूक झाली तेव्हा नाझींची वीसेक लाख मतं गळाली, 33.1 टक्के आणि 196 जागांवर आले. त्या संसदेत सोशल डेमोक्रॅट आणि कम्युनिस्ट मिळून 221 होते. ते एकमेकांचं तोंड बघायला तयार नव्हते हे खरं, आणि त्याची जबाबदारी त्यांच्यावर आहेच, विशेषतः सोशल डेमोक्रॅटांनाच मुख्य शत्रू ठरवण्याची लाइन मॉस्कोवरून आली होती आणि जर्मन कम्युनिस्टांनी ती डोळे मिटून पाळली. पण दर तीन मतदारांतल्या दोघांनी नाझींना मत दिलेलं नव्हतं हे आकडे स्पष्ट सांगतात.

ह्यावर सगळ्यात दमदार उत्तर असं येतं की अहो, सगळ्यात मोठा पक्ष होता ना, मग नेत्याला चान्सलर, म्हणजे सरकारचा प्रमुख, करणं हे संसदीय प्रथेला धरूनच झालं. मुद्दा बरोबर आहे, उडवून लावण्यासारखा नाही. पण मग एक सांगा, प्रथा पाळायची होती तर ऑगस्ट 1932 मध्ये, तो कळसावर असताना का नाही केलं? तेव्हा तर हिंडेनबुर्गने त्याला समोर बोलावून तोंडावर नकार दिला होता. त्याला चान्सलर केलं 30 जानेवारी 1933 ला, म्हणजे पक्षाची मतं घटत असताना, तिजोरीत खडखडाट असताना. मधल्या काळात जे झालं ते मतपेटीत झालंच नाही. 4 जानेवारीला कोलोनमध्ये श्र्योडर नावाच्या बँकरच्या घरी माजी चान्सलर पापेन आणि हिटलर भेटले. पापेनला तेव्हाचा चान्सलर श्लायखर याचा सूड घ्यायचा होता, कारण श्लायखरने त्याची खुर्ची घेतली होती. जमीनदारांना आणि उजव्या राष्ट्रवाद्यांना युनियन आणि डावे कायमचे संपवायचे होते पण त्यांच्याकडे मास सपोर्ट नव्हता, आणि हिटलरकडे तो होता. हिशोब असा की चेहरा त्याचा, कारभार आपला. मंत्रिमंडळात नाझी तिघेच ठेवले, हिटलर, फ्रिक आणि गोरिंग, बाकी सगळी आपली माणसं, पापेन स्वतः उपचान्सलर. दोनेक महिन्यांत ह्याला कोपऱ्यात दाबून टाकू अशी पापेनची खात्री होती.

आणि लोकशाहीचं म्हणाल तर ती 30 जानेवारीला धडधाकट नव्हतीच. 1930 पासून तेव्हाचा चान्सलर ब्र्यूनिंग राज्यघटनेच्या 48व्या कलमाखाली राष्ट्राध्यक्षाच्या वटहुकमांवर सरकार चालवत होता, संसद नावापुरती भरत होती. 20 जुलै 1932 ला पापेनने प्रशियाचं सोशल डेमोक्रॅट सरकार असंच एका वटहुकमाने बरखास्त केलं. प्रशिया म्हणजे जर्मनीचा निम्म्याहून मोठा भाग, तिथलं पोलीसदल हे लोकशाहीवाद्यांच्या हातातलं शेवटचं मोठं बळ, ते एका दुपारी गेलं आणि रस्त्यावर कोणी उतरलं नाही, प्रकरण कोर्टात नेलं. हिटलरने सत्तेत आल्यावर जी हत्यारं वापरली त्यातली बरीचशी त्याला तयार मिळाली. 27 फेब्रुवारी 1933 ला राइशटागला आग लागली, दुसऱ्या दिवशी मूलभूत हक्क गुंडाळणारा वटहुकूम निघाला तो ह्याच 48व्या कलमाखाली, सही हिंडेनबुर्गची, आणि तो 1945 पर्यंत उठलाच नाही. मार्चमधली निवडणूक झाली तेव्हा कम्युनिस्ट नेते तुरुंगात होते, नाझी गुंडांना सहायक पोलीस म्हणून बिल्ले वाटलेले होते, आणि तरीही 43.9 टक्केच मिळाले. एवढी दहशत माजवून ज्याला साधं बहुमत मिळालं नाही त्याला आपण नव्वद वर्षांनंतर "लोकांनी निवडून दिलेला" म्हणायचं?

मग 23 मार्चला सगळे अधिकार सरकारला देणारा कायदा आला. त्याला दोन तृतीयांश मतं लागत होती. हॉलमध्ये वर्दीतले नाझी दोन्ही बाजूंना उभे, 81 कम्युनिस्ट खासदारांना बाहेरच ठेवलेलं. 444 जणांनी बाजूने मत दिलं. ह्यात कॅथलिकांचा सेंटर पक्षही होता, लिबरलही होते, तोंडी आश्वासनं घेऊन. विरोधात 94, सगळे सोशल डेमोक्रॅट, त्यांचा नेता ओटो वेल्स बोलायला उठला तेव्हा तो घरी परत जाईल याची खात्री नव्हती. त्याच्या आदल्याच दिवशी डाखाउची छळछावणी सुरू झाली होती.

आता व्हर्साय आणि महागाई. हे मी नाकारत नाही. पहिल्या महायुद्धाचा दोष जर्मनी आणि तिच्या दोस्तांवर टाकणारं व्हर्सायच्या तहातलं कलम अपमानास्पद होतं, 1923 ची महागाई भयानक होती, लोकांची आयुष्यभराची बचत पावाच्या तुकड्याइतकीही राहिली नाही, आणि 1932 मध्ये साठ लाख माणसं बेकार होती. पण तारखा जुळवून बघा. महागाई 1923 च्या अखेरीस आटोक्यात आली आणि त्यानंतर पाच वर्षांनी, 1928 मध्ये, नाझींना 2.6 टक्के मिळाले. युद्धाची भरपाई 1932 च्या उन्हाळ्यात लोझानच्या परिषदेत जवळपास गुंडाळली गेली, म्हणजे हिटलर यायच्या आधी. बेकारीचा मुद्दा जास्त वजनदार आहे, 1930 नंतरची नाझी लाट तिच्याशिवाय समजतच नाही, ते मान्य. पण अमेरिकेतही तेव्हा चारातला एक कामगार घरी बसला होता आणि तिथे रूझवेल्ट आला. संकट आलं म्हणून हुकूमशाही आली हे कारण पुरत नाही, संकटात कोणी कोणाशी हातमिळवणी केली हे सांगावंच लागतं. तीच गोष्ट रस्त्यांची. कोलोन ते बॉन हा मोटारींचा रस्ता ऑगस्ट 1932 मध्ये खुला झाला, महापौर आडेनाउअरच्या हस्ते, नाझी तेव्हा विरोधात. बेकारी कमी झाली त्यात मोठा वाटा शस्त्रास्त्रांच्या उधारीचा होता, आणि ज्यूंना नोकरीतून काढलं की त्यांच्या जागी दुसरा लागतो आणि काढलेला माणूस बेकारांच्या यादीतही दिसत नाही, ही त्या "चमत्काराची" एक बाजू होती.

ज्यूद्वेष जर्मन मातीतच होता, हा मुद्दा मात्र मला सगळ्यात जास्त विचार करायला लावतो. मार्टिन ल्यूथरने ज्यूंची प्रार्थनास्थळं जाळा असं लिहून ठेवलेलं. 1916 मध्ये, ज्यू सैनिक आघाडीवर मरत असताना, ते युद्ध टाळतात का हे बघायला सैन्याने त्यांची शिरगणती केली आणि निकाल जाहीर केला नाही. 1922 मध्ये परराष्ट्रमंत्री राटेनाउला भर रस्त्यात गोळ्या घातल्या. हे सगळं खरं. पण 1900 साली कोणाला विचारलं असतं की ज्यूंवर मोठं संकट कुठे येईल, तर लोकांनी ड्रायफस या ज्यू लष्करी अधिकाऱ्यावरच्या खोट्या खटल्यामुळे फ्रान्सचं नाव घेतलं असतं, नाहीतर दंगलींमुळे रशियाचं. जर्मनी म्हणजे तर ज्यू डॉक्टर, वकील, प्रोफेसर, मिश्र लग्नं, पहिल्या महायुद्धात लढलेले लाखभर ज्यू आणि त्यातले बारा हजार मेलेले. 1933 मध्ये ज्यू होते पाच लाखांच्या आसपास, लोकसंख्येच्या एक टक्क्याहूनही कमी. जुना द्वेष हे इंधन होतं, पण इंधन युरोपभर होतं. जर्मनीत वेगळं काय झालं तर राज्ययंत्रणा त्या द्वेषाच्या सेवेला लागली.

आणि ती किती पटकन लागली ते बघा. 7 एप्रिल 1933, सत्तेत येऊन सत्तर दिवसही झाले नाहीत, सरकारी नोकरीतून ज्यूंना काढायचा कायदा आला. नाव काय दिलं, तर व्यावसायिक नोकरशाहीच्या पुनर्स्थापनेचा कायदा. हिंडेनबुर्गने आग्रह धरून आघाडीवर लढलेल्यांना सूट मिळवून दिली, म्हणजे राष्ट्राध्यक्षाला मधे पडता येत होतं आणि तो तेवढ्यापुरताच पडला. ग्योटिंगेन विद्यापीठात जेम्स फ्रांक होता, फिजिक्सचा नोबेल विजेता, ज्यू, युद्धात लढलेला, त्यामुळे त्याला ही सूट लागू होती. त्याने ती नाकारली आणि राजीनामा दिला, आम्हा ज्यूंना परके आणि देशाचे शत्रू समजलं जातंय असं जाहीरपणे लिहिलं. त्याच विद्यापीठातल्या 42 शिक्षकांनी एक पत्रक काढलं. फ्रांकच्या बाजूने नाही, त्याच्या विरोधात, त्याचा राजीनामा म्हणजे देशविरोधी प्रचाराला मदत आहे म्हणून. ह्या 42 जणांवर कोणी पिस्तूल रोखलं होतं? 1933 च्या एप्रिलमध्ये एक प्रोफेसर नुसता गप्प बसला असता तर त्याला डाखाउला नेलं नसतं. पण जागा रिकाम्या होणार होत्या. गणिताच्या, फिजिक्सच्या, मेडिकलच्या, कोर्टाच्या. वर्षानुवर्षं प्रमोशनची वाट बघणाऱ्या माणसाला त्या सकाळी ज्यू सहकाऱ्याची खुर्ची दिसली, आणि मला वाटतं ह्या एका गोष्टीत त्या काळाचं जेवढं स्पष्टीकरण आहे तेवढं न्यूरेंबर्गच्या मशालींच्या मिरवणुकांत नाही.

न्यूरेंबर्गचे कायदे सप्टेंबर 1935 चे. ज्यू आणि जर्मन यांच्या लग्नाला बंदी, ज्यूंचं नागरिकत्व खालच्या दर्जाचं, ज्यू घरात 45 वर्षांखालची जर्मन मोलकरीण ठेवायची नाही. पण ज्यू म्हणजे कोण? सगळा सिद्धांत रक्ताचा, वंशाचा, विज्ञानाचा आव आणलेला, आणि रक्तात तर काही सापडत नाही. मग नोव्हेंबरमध्ये नियम निघाला: चारपैकी तीन आजी-आजोबा ज्यू असतील तर ज्यू. आणि ते आजी-आजोबा ज्यू कशावरून? तर ते ज्यू धर्मसमाजाचे सदस्य होते यावरून. म्हणजे वंश ठरवायला शेवटी धर्माचं रजिस्टर. मग देशभर लोक गावोगावच्या चर्चमधून आजी-आजोबांच्या बाप्तिस्म्याचे दाखले गोळा करायला लागले, नोकरीसाठी, लग्नासाठी. पाद्री जुनी रजिस्टरं उघडून दाखले लिहून देत होते, क्लार्क शिक्के मारत होते. ह्यातल्या बहुतेकांनी आयुष्यात कोणा ज्यूवर हात उगारला नसेल. ह्या कायद्यांवर अधिकृत भाष्य लिहिणाऱ्यांत हान्स ग्लोब्के नावाचा गृहखात्यातला अधिकारी होता, जो नाझी पक्षाचा सदस्यही नव्हता, आणि जो युद्धानंतर 1953 ते 1963 आडेनाउअरच्या, म्हणजे पश्चिम जर्मनीचा चान्सलर झालेल्या त्याच महापौराच्या, चान्सलर ऑफिसचा प्रमुख होता.

1938 मध्ये वेग वाढला. एप्रिलमध्ये 5000 मार्कांवरची सगळी मालमत्ता नोंदवा. ऑगस्टमध्ये हुकूम, नावावरून ज्यू ओळखू येत नसेल तर पुरुषाने इस्राएल आणि बाईने सारा हे नाव जोडायचं. ऑक्टोबरमध्ये ज्यूंच्या पासपोर्टवर लाल 'जे' अक्षराचा शिक्का. 9 नोव्हेंबरच्या रात्री प्रार्थनास्थळं जाळली, दुकानं फोडली, तीसेक हजार पुरुष छावण्यांत नेले. त्यानंतर जे झालं ते त्या रात्रीइतकंच लक्षात ठेवण्यासारखं आहे: ज्यूंवरच एक अब्ज मार्कांचा दंड, आणि फुटलेल्या काचांचे इन्शुरन्सचे पैसे सरकारजमा. अनेक जर्मनांना ती रात्र आवडली नव्हती असं नोंदींत दिसतं, पण त्यांची तक्रार बऱ्याचदा आरडाओरड, नासधूस, मालाचं नुकसान याबद्दल होती. पुढचं काम मग शिस्तीत झालं. 1941 च्या शरदात ज्यूंना भरून रेल्वेगाड्या पूर्वेला निघायला लागल्या तेव्हा बर्लिनमधल्या ज्यू कुटुंबाच्या हातात जायच्या आधी सोळा पानांचा फॉर्म यायचा. त्यात खुर्च्या किती, पडदे किती, शर्ट किती, चमचे किती, बँकेत किती, सगळं स्वतःच्या हाताने लिहून द्यायचं. नोव्हेंबर 1941 च्या नियमाने सरहद्द ओलांडली की नागरिकत्व आपोआप रद्द आणि मालमत्ता सरकारची. रेल्वे माणशी थर्ड क्लासचं एका बाजूचं भाडं लावायची, दहा वर्षांखालच्या मुलांना अर्धं तिकीट, चार वर्षांखालची मोफत, चारशेच्या वर माणसं असतील तर ग्रुपचा दर. फ्लॅट रिकामा झाला की थकलेलं विजेचं बिल कंपनी इन्कमटॅक्सवाल्यांकडे पाठवायची. आणि फर्निचर, कपडे, ताटवाट्या यांचे लिलाव व्हायचे, जाहीर जाहिराती देऊन, शेजारपाजारचे लोक येऊन घेऊन जायचे. "आम्हाला माहीत नव्हतं" हे वाक्य नंतर फार ऐकवलं गेलं. गॅस चेंबरची माहिती सगळ्यांना नसेल, ते मी धरून चालतो. पण परत येणाऱ्या माणसाची गादी आणि मुलाचे बूट कोणी लिलावात विकत घेत नाही.

ह्यावर भीतीचा मुद्दा येतो आणि तो यायलाच हवा. हुकूमशाहीत माणूस काय करणार, बोलला की छावणीत. अगदी खरं, आणि कम्युनिस्ट, सोशल डेमोक्रॅट यांनी ती किंमत सगळ्यात आधी मोजली. पण भीती सगळ्यांना सारखी नव्हती. 1933 मध्ये ती रस्त्यावरच्या कामगाराला होती, जजला, बिशपला, जनरलला तेवढी नव्हती. ऑगस्ट 1941 मध्ये म्युन्स्टरचा बिशप गालेन उभा राहिला आणि मतिमंद, मनोरुग्ण माणसांना सरकार मारतंय हे त्याने चर्चमध्ये उघड सांगितलं. त्या महिन्यातच तो कार्यक्रम अधिकृतरीत्या थांबवला गेला. सत्तर हजार माणसं तोपर्यंत मारली गेली होती, आणि नंतरही लपूनछपून हत्या चालूच राहिल्या, त्यामुळे हा संपूर्ण विजय नव्हता. पण हिटलर सत्तेच्या शिखरावर असताना एका बिशपला हात लावायला कचरला. त्याच बिशपने ज्यूंबद्दल तसं प्रवचन दिलं नाही, बाकीच्या बिशपांनीही नाही.

"मग ज्यू आधीच निघून का नाही गेले" असं विचारणारे भेटतात तेव्हा मला राग येतो, लपवत नाही. निम्म्याहून जास्त गेले हो, युद्ध सुरू व्हायच्या आत. जाताना चौथा हिस्सा संपत्ती कर म्हणून ठेवून गेले, उरलेलं बँकेत अडकलं. आणि जायचं कुठे? जुलै 1938 मध्ये निर्वासितांचं काय करायचं हे ठरवायला फ्रान्समधल्या एव्हियाँला 32 देश बसले, सगळ्यांनी सहानुभूती दाखवली आणि डॉमिनिकन रिपब्लिक सोडला तर कोणी दार नीट उघडलं नाही. मुंबईत काही जण पोचले. ज्या महाराष्ट्रात बेने इस्राएली, म्हणजे इथलेच ज्यू, शेकडो वर्षं तेलाचे घाणे चालवत, शनिवारी सुट्टी घेत, मराठी बोलत सुखाने राहिले तिथेच. प्रागहून आलेला वॉल्टर काउफमान आकाशवाणीच्या मुंबई केंद्रावर पाश्चात्त्य संगीत बघायचा, तिची सकाळची ओळखधून त्याची. पण 1939 मध्ये युद्ध पेटलं तसं ब्रिटिशांनी जर्मन पासपोर्टवाल्या ज्यूंनाही शत्रूचे नागरिक म्हणून अहमदनगरच्या छावणीत घातलं, हिटलरपासून पळून आलेल्यांना नाझींच्या शेजारी. इथेही कोणा क्लार्कने पासपोर्टचा रकाना वाचला आणि समोरचा माणूस बघितला नाही.

शेवटचा आक्षेप असा की विरोध करून काय मोठं झालं असतं. फेब्रुवारी 1941 मध्ये ॲम्स्टरडॅमच्या कामगारांनी ज्यूंच्या अटकांविरुद्ध संप केला, तो चिरडला गेला, आणि हॉलंडच्या ज्यूंपैकी चारातले तीन मारले गेले, कारण तिथलं सरकारी रजिस्टर अतिशय चोख होतं आणि अधिकाऱ्यांनी ते चोख ठेवलं. म्हणजे विरोध नेहमी जिंकतो असं मी म्हणत नाही. डेन्मार्कने ऑक्टोबर 1943 मध्ये सात हजारांवर ज्यू होड्यांनी स्वीडनला पोचवले, पण ज्यू थोडे होते, समुद्र अरुंद होता, ती सोय सगळ्यांना नव्हती. म्हणून मला बल्गेरियाचं उदाहरण जास्त बोलकं वाटतं. हिटलरचा दोस्त देश, स्वतःचे ज्यूविरोधी कायदे केलेला. मार्च 1943 मध्ये तिथल्या ज्यूंना पाठवायची तयारी झाली. क्युस्तेन्दिल गावातली माणसं राजधानीत येऊन आपल्या खासदाराला भेटली. तो दिमितार पेशेव, संसदेचा उपाध्यक्ष, ज्याने ज्यूविरोधी कायद्याला स्वतः मत दिलेलं होतं. त्याने गृहमंत्र्याला गाठून हुकूम थांबवायला लावला, मग चाळीसहून जास्त सत्ताधारी खासदारांच्या सह्या घेऊन पत्र दिलं. त्याचं पद गेलं. चर्चच्या प्रमुखांनीही दबाव ठेवला, आणि बल्गेरियातले अठ्ठेचाळीस हजार ज्यू वाचले. त्याच महिन्यात त्याच सरकारच्या पोलिसांनी बल्गेरियाने बळकावलेल्या थ्रेस आणि मॅसिडोनिया भागातले अकरा हजारांवर ज्यू गोळा करून जर्मनांच्या हवाली केले, बहुतेक सगळे त्रेब्लिंकाच्या मृत्युछावणीत मारले गेले. त्यांना बल्गेरियाचं नागरिकत्व दिलेलं नव्हतं आणि त्या संसदेत त्यांचा खासदार नव्हता.